वाटेत गळलेला शब्द

फेब्रुवारीच्या ३ तारखेला संत ब्लेझ यांचा सण येतो. त्या दिवशी मिस्सा संपल्यावर घशाचा आशीर्वाद दिला जातो, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आदल्या दिवशी, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून फादर त्या प्रत्येकाच्या गळ्याशी आणतात आणि घशाच्या व इतर सर्व आजारांपासून देवाने रक्षण करावे म्हणून प्रार्थना करतात. यंदा माझ्या सात वर्षांच्या नातीला घेऊन मी त्या रांगेत उभी होते. आमच्या पुढे पंधरा-वीस माणसे असतील. नातीने माझा पदर ओढला आणि हळूच विचारले, "आजी, मे महिन्यात माझे टॉन्सिल काढणार ना? मग पुढच्या वर्षी मला या रांगेत यायला नको. मम्मी म्हणते, एकदा काढले की परत कधीच घसा दुखणार नाही."

मी काहीच उत्तर दिले नाही. रांग पुढे सरकली, मेणबत्त्यांचा गार स्पर्श गळ्याला झाला, आम्ही बाकावर येऊन गुडघे टेकले. पण माझे मन प्रार्थनेत लागेना. "परत कधीच घसा दुखणार नाही." हे वाक्य माझ्या सुनेचे नव्हते, ते माझे होते. तीस वर्षांपूर्वी ते मी माझ्या धाकट्या मुलाला, म्हणजे याच नातीच्या वडिलांना ऐकवले होते आणि त्या वाक्याने आमच्या घरात काय घडवले ते मी आजवर कुणाला फारसे सांगितले नव्हते. ते आज लिहिते आहे.

१९९३ च्या पावसाळ्यापासून धाकट्याच्या घशाने आम्हाला जेरीस आणले होते. तेव्हा तो सात वर्षांचा होता. संध्याकाळी वाडीत केळींच्या रांगांतून धावणारे पोर रात्री तापाने फणफणायचे. तोंड उघडायला सांगून बॅटरीचा उजेड पाडावा तर आत दोन्ही बाजूंचे टॉन्सिल लालबुंद सुजलेले आणि त्यांवर पांढरे ठिपके. गळ्याखाली गाठी हाताला लागत. सासूबाई हळद-मिठाच्या गुळण्या करवीत, गळ्याला गरम पोटीस बांधीत. गावातले डॉक्टर औषध देत आणि आठवड्याने मूल पुन्हा हसू-खेळू लागे. पण महिना-दीड महिना लोटला की पुन्हा तेच. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. इतरांच्या मुलांची हजेरी मांडायची आणि आपल्या मुलाची गैरहजेरी मोजायची, असे ते वर्ष गेले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रत्येक दुखण्याची तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने नोंदवत असे. जून ते मे या एका वर्षात अशा आठ खुणा झाल्या.

शेवटी डॉक्टरांनीच मुंबईतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आम्ही उभयता मुलाला घेऊन वसई रोडहून लोकलने गेलो. त्या तज्ज्ञांनी मुलाला शांतपणे तपासले, माझ्या कॅलेंडरची फाडून आणलेली पाने पाहिली आणि शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. मी विचारले, "मग त्रास जाईल ना?" ते म्हणाले, "त्रास पुष्कळ कमी होईल."

हे वाक्य मला आज जसेच्या तसे आठवते. पण त्या दिवशी ते तसे माझ्या कानांनी घेतले नाही. परतीच्या गाडीत आम्ही दोघे मनाने हलके झालो होतो. बोरिवली गेली, भाईंदर गेले, खाडीच्या पुलावरचा वारा अंगाला लागला आणि कुठेतरी त्या वाटेवर "पुष्कळ कमी" हे दोन शब्द गळून पडले. वसईला एस.टी.त चढताना हे ओळखीच्या गृहस्थांना सांगत होते, "ऑपरेशन केले की त्रास गेला." घरी पोहोचलो तेव्हा मी सासूबाईंना सांगितले, "आता कायमची सुटका." आणि रात्री मुलाच्या उशाशी बसून, तो घाबरू नये म्हणून मी त्याला वचन दिले, "एकदाच थोडे दुखेल. मग तुझा घसा परत कधीच दुखणार नाही." मी खोटे बोलत आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. आईच्या तोंडून वाक्य निघाले की ते खरेच असते, अशी त्याची समजूत होती आणि माझीही.

शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुट्टीत, १९९४ साली झाली. खर्चासाठी यांनी पतपेढीतून कर्ज काढले होते. त्याची चर्चा मुलाच्या कानांवर पडू नये एवढे भान आम्हाला नव्हते. किंबहुना कुणी भेटायला आले की, "कर्ज झाले खरे, पण पोराच्या घशाचा प्रश्न मिटला," असे हे अभिमानाने सांगत आणि तो खाटेवर पडून ऐकत असे.

शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या दिवशी मी फार घाबरले. तोंडात पाहिले तर जिथून टॉन्सिल काढले होते तिथे दोन्ही बाजूंना पांढरट पिवळसर थर. तोंडाला वास येत होता, कान दुखतात म्हणून तो रडत होता. मला वाटले, पू झाला. धावत जाऊन सार्वजनिक दूरध्वनीवरून रुग्णालयात फोन लावला. तिकडून उत्तर आले की तो पू नव्हे. गुडघा फुटल्यावर जशी खपली धरते तशी ती घशातल्या जखमेची खपली आहे. घशात ओलावा असतो म्हणून ती पांढरी दिसते आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप निघून जाते. घसा आणि कान यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या शिरा एकच असल्यामुळे घशातली वेदना कानात जाणवते. मुलाला भरपूर पाणी पाजा, तोंड कोरडे पडू देऊ नका. मात्र लाल ताजे रक्त थुंकीत दिसले तर क्षणही न दवडता घेऊन या. खपली सुटण्याच्या सुमारास, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, तसे होण्याचा संभव असतो. सुदैवाने तसे काही झाले नाही. जून उजाडला आणि नवी छत्री घेऊन तो शाळेत गेला. मी कॅलेंडरवर लाल खुणा करणे बंद केले आणि घशाचा विषय आमच्यापुरता संपला.

ऑगस्टच्या अखेरीस पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना सुरू झाली. ८ सप्टेंबरच्या सणापूर्वीचे हे नऊ दिवस आमच्या घरी संध्याकाळच्या जपमाळेला विशेष महत्त्व असे. पहिला रहस्यविचार सासूबाई चालवीत आणि शेवटचा धाकट्याकडे असे. त्याचा आवाज गोड होता. त्या वर्षी तो पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करीत होता, त्यामुळे आपल्या वाट्याची प्रार्थना तो मोठ्या उमेदीने म्हणे. नोव्हेनेच्या तिसऱ्या संध्याकाळी त्याची पाळी आली आणि माझ्या ध्यानात आले की त्याचे ओठ हलत आहेत पण आवाज बाहेर येत नाही. सासूबाईंनी त्याला मोठ्याने म्हणायला सांगितले. त्याने मान हलवली आणि हातातला रुमाल तोंडाला लावला. तो रुमाल मी हातात घेतला. तो लाळेने भिजलेला होता. पोराला थुंकी गिळवत नव्हती. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. जपमाळ तशीच राहिली. कंदील जवळ आणून त्याला तोंड उघडायला लावले. टॉन्सिलच्या जागा रिकाम्या होत्या. पण मागची भिंत रक्तासारखी लाल होती, टाळूवर बारीक लाल ठिपके उठले होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या.

"कधीपासून दुखतंय?"

त्याने चार बोटे दाखवली. चार दिवस!

"मग सांगितलं का नाहीस?"

आधी तो बोलेना. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतले तेव्हा रडत रडत, घोगऱ्या आवाजात त्याने जे सांगितले ते मी विसरू शकलेले नाही. "तू म्हणाली होतीस परत कधीच दुखणार नाही. मग दुखायला लागलं. मी शाळेबाहेर बर्फाचा गोळा खाल्ला होता, म्हणून माझंच चुकलं. पप्पांनी कर्ज काढलं होतं. मी पापनिवेदनात सांगणार होतो."

यांनी तोंड फिरवले. आम्ही कुणीच काही बोललो नाही. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या आजाराचा अपराध केला होता आणि तो तो आपल्या पहिल्या पापनिवेदनासाठी जपून ठेवत होता. हे ओझे त्याच्या पाठीवर दुसऱ्या कुणी नव्हे, आम्हीच ठेवले होते.

भर पावसात आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. मी दारातूनच तक्रार सुरू केली, "डॉक्टर, टॉन्सिल काढून तीन महिने झाले, तरी घसा कसा आला?" डॉक्टरांनी आधी मुलाला तपासले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, टॉन्सिल काढले. घसा नाही काढला."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. टॉन्सिल म्हणजे घशाच्या वाटेवर बसलेले दोन पहारेकरी. पण पहारा दोघांचाच नसतो. नाकाच्या मागे, जिभेच्या मुळाशी, घशाच्या मागच्या भिंतीवर त्याच जातीची ऊती असते आणि या सर्वांचे मिळून एक कडे होते. वाल्डेयर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. शस्त्रक्रियेत या कड्यातले दोन मोठे मणी काढले जातात, उरलेले कडे जागेवरच राहते. मुलांचा घसा येतो तो बहुतेक वेळा सर्दीसारख्या विषाणूंनी. ते टॉन्सिल आहेत की नाहीत हे विचारून येत नाहीत आणि चार-सहा दिवसांत आपले आपण जातात. त्यांना प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही. पण काही वेळा घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरतात आणि तेही टॉन्सिल नसलेल्या घशात वस्ती करू शकतात.

"आणि बर्फाचा गोळा?" मी विचारले. मुलगा डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. डॉक्टर हसले. म्हणाले, "हा जंतू वर्गातल्या एका मुलाकडून दुसऱ्याकडे खोकल्या-शिंकण्यातून जातो. गोळ्याचा दोष नाही आणि तुझाही नाही." मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका वाक्याने जितका उतरला तितका कोणत्याही औषधाने उतरला नसता.

मात्र मला बाजूला घेऊन डॉक्टरांनी जे सांगितले त्याने माझ्या पायांतले बळ गेले. या जंतूचा घसा वेळेवर नीट बरा केला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक फीव्हर होतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या दुखावू शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक आणि आपल्या देशात तो मुळीच दुर्मीळ नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तर हा धोका टाळता येतो. "चौथ्या दिवशी आणलंत, बरं झालं," ते म्हणाले. "आणखी आठवडाभर लपवलं असतं तर मी एवढ्या निर्धास्तपणे बोललो नसतो."

औषध दहा दिवसांचे होते. तिसऱ्या दिवशीच ताप उतरला, पोर खेळू लागले आणि सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला कडू औषध?" पण या वेळी मी शब्द गाळला नाही. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले होते, दहाच दिवस दिले. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र माझे फार कठीण गेले. रात्री तो झोपला की मी त्याचे गुडघे, घोटे, मनगटे हळूच दाबून पाहत असे. सकाळी तो शाळेला निघाला की वाडीच्या फाटकाशी उभी राहून त्याची चाल न्याहाळत असे. एकदा तो लंगडताना दिसला आणि मी अनवाणी धावत सुटले. पाहते तो त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. देवाच्या दयेने त्याला काही झाले नाही. पहिला ख्रिस्तप्रसाद त्याने पांढऱ्या पोषाखात, ताठ मानेने स्वीकारला.

पुढे निवृत्तीनंतर या विषयावरचे जे जे हाती लागले ते मी वाचले. टॉन्सिल काढण्याची कला फार जुनी. पहिल्या शतकातल्या केल्सस नावाच्या रोमन लेखकाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत तर या शस्त्रक्रियेची लाटच आली. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी वाचून मी थक्क झाले. अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. जी २१५ मुले ठीक ठरली ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना सांगितली. राहिलेली ११६ मुले तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हा आणखी ५१ जणांची भर पडली. शेवटी १,००० मुलांमधली अवघी ६५ मुले शस्त्रक्रियेवाचून राहिली! म्हणजे निर्णय मुलाच्या घशावर कमी आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अधिक अवलंबून होता.

याला शिस्त लागली ती पुढे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील डॉ. जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षात सात किंवा अधिक वेळा, अथवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, अथवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, नोंद असलेला आणि ताप, गाठी किंवा पांढरे ठिपके यांसारखी लक्षणे दाखवणारा घसा आला असेल, अशीच मुले त्यांनी निवडली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षे घशाचे आजार स्पष्टपणे कमी झाले. पण ज्यांची शस्त्रक्रिया केली नाही त्यांतल्याही पुष्कळ मुलांचा त्रास वर्षागणिक आपोआप ओसरला. वय वाढते तशी मुले यातून सुटत जातात. पुढे २०१४ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पुढच्या वर्षात सरासरी तीन वेळा घशाचा त्रास झाला आणि न झालेल्यांना ३.६ वेळा, त्या तिनांतला एक त्रास तर शस्त्रक्रियेच्याच वेदनेचा होता.

हे आकडे वाचताना मला त्या मुंबईच्या तज्ज्ञांचा शांत चेहरा आठवला. ते अक्षरशः खरे बोलले होते. आमच्या मुलाच्या बाबतीत तर त्यांचे म्हणणे पुरेपूर उतरले. आदल्या वर्षी आठ वेळा आलेला घसा शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात दोनदाच आला. शस्त्रक्रिया चुकली नव्हती. ज्या मुलांना तिची खरी गरज आहे त्यांना ती करावीच. झोपेत घोरताना ज्यांचा श्वास अडतो अशा मुलांना तर ती फार मोठा दिलासा देते आणि आज पुष्कळ शस्त्रक्रिया त्याच कारणासाठी होतात. चूक आमच्या वचनात होती. डॉक्टरांनी "कमी" दिले होते, आम्ही मुलाला "कधीच नाही" दिले. वाढवून दिलेल्या त्या भागाची किंमत त्याने चार दिवस मुकाट सोसून भरली.

संत ब्लेझ यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आर्मेनियातल्या सेबास्ते नगराचे ते बिशप. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांना रक्तसाक्षित्व प्राप्त झाले. बिशप होण्यापूर्वी ते वैद्य होते अशी परंपरा आहे. त्यांना तुरुंगात नेत असताना एका आईने घशात माशाचा काटा अडकून गुदमरलेले आपले मूल त्यांच्यापुढे आणले आणि त्यांच्या प्रार्थनेने ते वाचले, असे सांगतात. या कथेत मला अलीकडे एक गोष्ट विशेष जाणवते. ते मूल पुढे कधी आजारी पडले नाही, असे कथा सांगत नाही. त्याला त्या दिवशी जीवदान मिळाले, एवढेच सांगते. आपणही दर वर्षी त्या मेणबत्त्यांखाली गळा देतो. गेल्या वर्षीचा आशीर्वाद फसला असे म्हणून नव्हे, तर यंदाही आपल्याला देवाची गरज आहे म्हणून. प्रार्थनेत मागणे असते, हमीपत्र नसते. श्रद्धेच्या बाबतीत हे जे आपल्याला कळते ते औषधांच्या बाबतीत का कळू नये?

त्या रविवारी जेवणे आटोपल्यावर मी मुलापाशी आणि सुनेपाशी हा विषय काढला. सुनेला प्रथम वाटले की सासू शस्त्रक्रियेला विरोध करते आहे. मी म्हटले, "विरोध नाही ग. फक्त डॉक्टरांना दोन प्रश्न विचार. काय कमी होईल आणि काय तसेच राहील? आणि जाताना तारखा लिहून ने." तिने मोबाइलमधले जुने निरोप, औषधांच्या चिठ्ठ्या चाळून तारखा काढल्या. गेल्या वर्षी चार वेळा आणि त्याच्या आदल्या वर्षी तीन वेळा. त्या तारखा पाहून तज्ज्ञ डॉक्टरांनीच सांगितले की घाई नको, आणखी एक वर्ष नोंद ठेवून पाहू. तोवर घसा आला की लगेच दाखवा. मे महिन्यातली तारीख रद्द झाली. पुढे कदाचित शस्त्रक्रिया करावीही लागेल. तो निर्णय त्यांचा आणि डॉक्टरांचा.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्याच संध्याकाळची गोष्ट. जपमाळ संपल्यावर माझ्या मुलाने आपल्या लेकीला जवळ बसवले आणि तिला लाळेने भिजलेल्या रुमालाची, बर्फाच्या गोळ्याची आणि पापनिवेदनाची हकिकत सांगितली. तीस वर्षांत आमच्यासमोर त्याने ती प्रथमच उच्चारली. तिला गोळ्याचे भारी हसू आले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "टॉन्सिल असोत नाही तर नसोत, घसा कधी कधी दुखणारच. त्यात तुझी चूक नसते. दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. आम्ही रागावणार नाही." मी माळ हातात तशीच धरून बसले होते. १९९४ साली त्या खाटेशी बसून मी जे सांगायला हवे होते ते माझा मुलगा आपल्या मुलीला सांगत होता.

मार्च महिन्यात एके दिवशी सकाळी नात शाळेचा गणवेश घालून स्वयंपाकघरात आली. मी चहा गाळत होते. ती म्हणाली, "आजी, आज घसा दुखतोय. कालपासून नाही, आजपासूनच."

मूल आजारी पडल्याचे दुःख आजीला होणारच. पण ते शब्द ऐकून माझ्या मनातून देवाचे आभारच उमटले. मी गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवले, कॅलेंडर खाली उतरवले आणि त्या तारखेवर लाल शाईने खूण केली.